ताईचा डोळा

“काही विशेष नाही, साधी सूज आहे,” हे वाक्य आपल्या घराघरांतून दररोज उच्चारले जाते. मीही ते आयुष्यात अनेकदा उच्चारले आहे. परंतु एकदा ते उच्चारल्याबद्दल मला जो पश्चात्ताप झाला, त्याची हकीकत आज वाचकांस सांगावी असे मनात आले आहे. ती सांगण्यास माझ्या थोरल्या बहिणीची संमती मी घेतली आहे; किंबहुना “लिही, म्हणजे दुसरी कोणी माझ्यासारखी घरात बसून राहणार नाही,” असे तिचेच सांगणे आहे.

ताई माझ्याहून सहा वर्षांनी वडील. सन १९७५ मध्ये तिचे लग्न झाले आणि वसईच्या केळीच्या वाडीतून ती एकदम भोपाळला गेली. भावोजी तेथील हेवी इलेक्ट्रिकल्सच्या, म्हणजे पुढे भेल ह्या नावाने प्रसिद्ध झालेल्या, कारखान्यात फिटर होते. सन १९५६ मध्ये सुरू झालेल्या त्या उद्योगाभोवती पिपलानी, बरखेडा, गोविंदपुरा अशा वसाहती उभ्या राहिल्या. देशाच्या कानाकोपऱ्यांतून आलेली कुटुंबे तेथे भिंतीला भिंत लावून नांदतात. ताईने तेथे संसार थाटला, हिंदी शिकली, मुले वाढविली आणि भावोजी सेवानिवृत्त झाल्यावर दोघे तेथेच राहिली. वर्षा-दोन वर्षांनी ती गावी येई, आणि ती आली म्हणजे आमचे घर भरल्यासारखे वाटे.

सन २०१७ च्या डिसेंबरात माझ्या मुलाच्या लग्नासाठी ती आली होती. लग्नाच्या आदल्या रात्री ती ओटीवर तांदूळ निवडीत बसली होती. दिव्याचा उजेड तिच्या तोंडावर समोरून पडला होता. तिचा डावा डोळा उजव्यापेक्षा किंचित खाली आणि बाहेरच्या बाजूस सरकल्यासारखा मला दिसला. भुवईच्या आतल्या टोकाशी, नाकाच्या मुळापाशी, चिंचोक्याएवढा उंचवटा आला होता. मी पाहिले, आणि गप्प राहिलो. लग्नघर आहे, उगाच कोणाच्या मनात अभद्र शंका का घालावी, असे मी मनाशी म्हटले. पुढे कळले की घरातील आणखी तिघाचौघांनी ते पाहिले होते, आणि तेही माझ्यासारखेच गप्प राहिले होते.

दोनच महिन्यांनी तिचा फोन आला. चहा ओतताना तिला दोन बशा दिसू लागल्या होत्या. खरी बशी कोणती हे कळावे म्हणून ती एक डोळा मिटून चहा ओतीत असे. चष्म्याचा नंबर दोनदा बदलून झाला होता, तरी दुसरी बशी काही जात नव्हती. शेवटी एका डॉक्टरांनी डोक्याचा सीटी स्कॅन काढण्यास सांगितले होते, आणि कदाचित शस्त्रक्रिया करावी लागेल असेही ते म्हणाले होते. ताईने मला विचारले, “तू शिकलेला आहेस. काय करू?”

मी प्राथमिक शाळेत चौतीस वर्षे शिक्षक होतो. मुलांना आरोग्याचे धडे शिकविले होते. तथापि त्या क्षणी माझ्या मुखातून बोलला तो शिक्षक नव्हता. आमच्या लहानपणी आमच्या मामांच्या मानेला गाठ आली होती. ती कापली, आणि सहा महिन्यांत मामा गेले. तेव्हापासून “गाठीला लोखंड लावू नये” हा आमच्या घरचा नियमच होऊन बसला होता. मामांचा रोग कापण्यापूर्वीच सर्वत्र पसरलेला होता आणि मृत्यूचा दोष सुरीचा नव्हता, हे पुढे मोठेपणी मला समजलेही होते. परंतु समजलेले एका कप्प्यात राहते आणि भय दुसऱ्या कप्प्यात. मी ताईला म्हणालो, “डोळ्याजवळ सुरी नको, ताई. साधी सूज आहे. सुंठ आणि वेखंड उगाळून लेप लाव. उन्हाळा आला की बसेल.”

ताईने माझे ऐकले. तिच्याही मनात एक भय होते, ते तिने मला तेव्हा सांगितले नाही. सन १९८४ च्या डिसेंबरातील २ आणि ३ तारखांमधल्या रात्री भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यातून जो विषारी वायू सुटला, त्याने जुन्या शहरातील हजारो माणसांचे प्राण घेतले आणि असंख्यांचे डोळे व फुप्फुसे जाळली. ताईची वसाहत त्या कारखान्यापासून दूर असल्यामुळे तिचे कुटुंब बचावले. परंतु पुढले कित्येक दिवस डोळ्यांवर ओली फडकी धरून बसलेली माणसे तिने पाहिली होती. तेव्हापासून त्या शहरात डोळ्याचे काहीही झाले तरी पहिला संशय वायूवरच जातो. “तेहतीस वर्षांनी का होईना, माझीही पाळी आली,” असे तिने मनाशी ठरविले, आणि जे वायूचे ते बरे होत नसते, असे समजून ती लेप लावीत बसली.

अशा रीतीने एका बाजूस माझे भय व दुसऱ्या बाजूस तिचे, ह्या दोहोंच्या मध्ये दीड वर्ष गेले.

सन २०१९ च्या ऑगस्टअखेरीस भाच्याचा रात्री दहा वाजता फोन आला. ताईला सणकून ताप भरला होता, डावी पापणी लाल होऊन सुजली होती आणि डोळा उघडत नव्हता. तिला एका मोठ्या सरकारी रुग्णालयात दाखल केले होते. मी दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पंजाब मेल गाठली. रात्रभर डोळ्यास डोळा लागला नाही. पहाटे इटारसी गेली, नर्मदेचा पूल आला. नदी दोन्ही थड्या भरून वाहत होती. पुलाच्या त्या खडखडाटात मला माझेच शब्द पुनःपुन्हा ऐकू येत होते: साधी सूज आहे, ताई, साधी सूज आहे.

रुग्णालयात नाक-कान-घशाच्या विभागाच्या प्रमुख डॉक्टरीणबाई मराठी बोलणाऱ्या निघाल्या. त्यांचे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. सन १९५६ च्या नोव्हेंबरात राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचे राजधानीपण गेले आणि भोपाळ नव्या मध्यप्रदेशाची राजधानी झाले. तेव्हा कचेरीबरोबर अनेक मराठी कुटुंबे भोपाळला आली, त्यांपैकीच ते एक. परमुलुखात आपली भाषा कानी पडताच भावोजींच्या डोळ्यांत पाणी उभे राहिले. मी मात्र मान वर करू शकत नव्हतो.

बाईंनी आम्हांस स्कॅनची चित्रे दाखविली. आपल्या कवटीचे हाड सर्वत्र भरीव नसते. कपाळाच्या आत, गालांच्या आत, दोन डोळ्यांच्या मध्ये आणि नाकाच्या पार मागे हवेच्या पोकळ्या असतात; त्यांना सायनस म्हणतात. प्रत्येक पोकळीस आतून पातळ अस्तर असते. ते रात्रंदिवस थोडाथोडा चिकट द्रव पाझरते आणि अस्तरावरील सूक्ष्म केस तो द्रव एका ठरलेल्या वाटेने नाकात लोटतात. वाट मोकळी असेपर्यंत आपल्याला ह्या कामाचा पत्ताही नसतो. ती बुजली तरी अस्तर पाझरायचे थांबत नाही. पोकळी भरते, अस्तराची पिशवी तट्ट फुगते आणि तिच्या दाबाने भोवतालचे हाड हळूहळू झिजते. ह्या पिशवीस म्यूकोसील असे नाव आहे. ती सर्वांत अधिक कपाळाच्या पोकळीत होते. त्या पोकळीचा तळ तोच डोळ्याच्या खोबणीचा माथा. म्हणून पिशवी फुगली की डोळा खाली आणि बाहेर ढकलला जातो. ताईच्या चित्रात तो माथा अंड्याच्या टरफलासारखा झाला होता, आणि एके ठिकाणी तेवढाही उरला नव्हता. त्यात आता पू झाला होता.

“वाट बुजली कशाने?” भावोजींनी विचारले.

“जुनी सर्दी, नाकात वाढलेले मांस, पूर्वीची एखादी शस्त्रक्रिया, अशी अनेक कारणे असतात. ह्यांना कधी कपाळावर मार लागला होता का?”

भावोजी विचारात पडले. सन १९९३ च्या पावसाळ्यात दोघे स्कूटरवरून घसरली होती, ताईची भुवई दगडावर आपटली होती आणि तीन टाके पडले होते. जखम आठवड्यात भरली आणि सर्व जण ती विसरून गेले.

“तेच असावे,” बाई म्हणाल्या. “हाड सांधते, पण कधी कधी वाट वाकडी करून सांधते. अशी गाठ दिसू लागायला दहा, वीस, तीस वर्षेही लागतात. वायूशी तिचा काही संबंध नाही.”

हे शेवटचे वाक्य ऐकल्यावर ताईने, ती ग्लानीत होती तरी, हळूच मान हलविली. दीड वर्षाचे ओझे तिच्या मनावरून त्या एका वाक्याने उतरले.

मग मी धीर करून विचारले, “बाई, ही गाठ साधी आहे ना? कॅन्सर नव्हे ना?”

“चित्रांवरून तरी साधीच दिसते. आतला तुकडा तपासायला पाठवूच. परंतु मास्तर, साधी म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. साधी म्हणजे ती दुसऱ्या ठिकाणी पसरणार नाही. असेल तेथे वाढणार नाही, असे आम्ही कधी म्हटले? तिच्या एका अंगाला डोळा आहे आणि दुसऱ्या अंगाला मेंदू.”

बाईंच्या स्वरात राग नव्हता. तरी ते शब्द माझ्या वर्मी लागले, कारण दीड वर्षापूर्वी फोनवर मी जो शब्द वापरला होता, त्याचा अर्थ मला त्या दिवशी प्रथम कळला.

प्रथम शिरेतून औषधे देऊन पुवाचा जोर कमी करण्यात आला. शस्त्रक्रियेच्या आदल्या दिवशी बाईंनी संमतीचा कागद आणला. रक्तस्राव, डोळ्यास इजा, मेंदूभोवतालचे पाणी नाकात झिरपणे, गाठ पुन्हा होणे, असे सर्व संभाव्य धोके त्यांनी एकेक करून समजावून सांगितले. भावोजींचा हात थरथरू लागला. तेव्हा ताईने कागद आपल्याकडे ओढला. “डोळा माझा आहे, सही मी करते,” ती म्हणाली. मग बाईंना तिने विचारले, “पिशवी सगळी काढून टाकणार ना?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “भोपाळात इतकी वर्षे राहता, तेव्हा भदभदा पाहिलाच असेल. मोठा तलाव भरला म्हणजे काय करतात?”

“दरवाजे उघडतात.”

“तलाव कोणी उपटून टाकतो का? आम्हीही तेच करणार. नाकातून दुर्बीण घालून त्या पिशवीचे दार रुंद उघडणार. मग ती पिशवी राहत नाही, नाकाचाच एक भाग होते. तिचे अस्तर पाझरत राहील आणि त्याला जायला वाट असेल.”

पुढे बाईंकडून ऐकून आणि काही वाचून मला असे कळले की, ही साधी वाटणारी गोष्ट वैद्यकास फार फेऱ्याने सापडली आहे. सन १९२१ मध्ये अमेरिकेत लिंच आणि इंग्लंडात हॉवर्थ ह्यांनी भुवईच्या आतल्या कडेस छेद घेऊन पोकळीत शिरण्याची रीत प्रसिद्ध केली. त्यानंतर, सुमारे १९६० च्या आगेमागे, कपाळाचे हाड झाकणासारखे उचलून, सर्व अस्तर खरवडून, पोटाची चरबी भरून ती पोकळी कायमची बुजवून टाकण्याची रीत रूढ झाली. अस्तर नकोच, पोकळीही नको, असा तो विचार होता. इकडे ऑस्ट्रियातील ग्राझ शहरी मेसरक्लिंगर नावाचे वैद्य वर्षानुवर्षे एकच गोष्ट न्याहाळीत होते: पोकळीतील द्रव जातो कोणत्या वाटेने? त्यांना असे आढळले की, दुसरीकडे भोक पाडले तरी अस्तरावरील ते सूक्ष्म केस द्रवाला निसर्गाने नेमलेल्या दाराकडेच नेत राहतात. तेव्हा उपाय करावयाचा तो त्या दाराशी. इंग्लंडातील हॅरोल्ड हॉपकिन्स ह्या शास्त्रज्ञाने काचेच्या दांड्यांची बारीक दुर्बीण तयार केली होती, तिच्यामुळे त्या दारापर्यंत दृष्टी पोहोचू लागली. सन १९७१ च्या १ ऑक्टोबरला लंडनमधील विंबल्डन येथे हाउन्सफील्ड ह्यांच्या सीटी स्कॅन यंत्राने पहिल्या रुग्णाच्या डोक्याचे चित्र घेतले. त्यातही मेंदूच्या पुढल्या भागातली एक पाणथळ गाठच दिसली होती. ह्या सर्व गोष्टी एकत्र आल्या, आणि सन १९८९ मध्ये अमेरिकेतील केनेडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कपाळावर छेद न घेता केवळ नाकातून अशा गाठी उघडल्याची हकीकत प्रसिद्ध केली. ज्या सुरीचे मी ताईला भय घातले होते, ती सुरी तिच्या डोळ्याच्या कातडीस शिवणारही नव्हती.

शस्त्रक्रिया सुमारे दोन तास चालली. आम्ही तिघे बाहेर बाकावर बसलो होतो. खिडकीबाहेर पाऊस कोसळत होता. शेवटी भाच्यासमोर मी माझे फोनवरील शब्द उच्चारून दाखविले आणि म्हणालो, “तुझ्या आईला हे दिवस माझ्यामुळे पाहावे लागले.” तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “मामा, मी रोज तिच्याबरोबर जेवायला बसत होतो. मलाही तो डोळा दिसत होता.” भावोजी खाली मान घालून होते. त्या बाकावर दोष वाटून घेतल्याने कोणाचाही दोष कमी झाला नाही. परंतु आम्ही तिघेही प्रथमच खरे बोललो.

बाई बाहेर आल्या, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरूनच आम्हांस कळले. घट्ट पिवळसर द्रव आणि पू नाकातून काढला होता, दार रुंद उघडले होते, मेंदूवरील आवरण शाबूत होते. चौथ्या दिवशी ताई घरी आली. तपासणीस पाठविलेल्या तुकड्याचा निकाल आठवड्याने आला: गाठ साधीच होती. काही आठवडे मिठाच्या पाण्याने नाक धुणे आणि शिंक आली तर तोंड उघडे ठेवून शिंकणे, एवढे पथ्य होते. डोळा हळूहळू वर सरकला, आणि दोन महिन्यांत दुसरी बशी नाहीशी झाली. तो पूर्णपणे पूर्वीच्या जागी मात्र आला नाही. निरखून पाहिले तर आजही तो तांदळाच्या दाण्याइतका खाली आहे. ते अंतर माझ्या दीड वर्षाचे आहे, असे मी मानतो. ताई ते मानीत नाही.

परतण्यापूर्वी मी भाच्याबरोबर भदभद्याला गेलो. भोपाळचा मोठा तलाव राजा भोजाने अकराव्या शतकात बांध घालून निर्माण केला, असे सांगतात; भदभद्याचे अकरा दरवाज्यांचे धरण सन १९६५ मधले. त्या वर्षी पावसाने तलाव काठोकाठ भरला होता आणि दरवाजे उघडलेले होते. पाणी गर्जत खाली कलियासोत नदीत पडत होते. शेकडो लोक कौतुकाने पाहत उभे होते. मला आमच्या वाडीतील बावखल आणि तिच्या कडेची ती लहानशी मोरी आठवली. पावसाळ्यापूर्वी ती मोरी साफ करावयास वडील आम्हा भावंडांना पाठवीत, आणि मी ताईवर काम टाकून पळत असे.

वाचकहो, ह्यावरून प्रत्येक सर्दीला घाबरून शहराकडे धाव घ्यावी, असे मला म्हणावयाचे नाही. गालाच्या पोकळीत लहानशी फोडी पुष्कळांना असते. दुसऱ्याच कारणासाठी काढलेल्या चित्रात ती अकस्मात दिसते, आणि त्रास नसेल तर तिला बहुधा काहीच करावे लागत नाही. परंतु भुवईपाशी वाढत जाणारा उंचवटा, एक डोळा खाली किंवा पुढे सरकणे, एकाच्या दोन वस्तू दिसणे, ही लक्षणे लेपाची नव्हेत. नाक-कान-घशाच्या आणि डोळ्याच्या डॉक्टरांस ती दाखवावीत. त्यांत ताप आला, पापणी लाल झाली किंवा दृष्टी मंदावली, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये. आणखी एक सांगतो, तेही बाईंनीच बजावलेले आहे. लहान मुलाच्या नाकाच्या मुळाशी, बरोबर मध्यावर, जन्मापासून गाठ किंवा बारीकसे छिद्र असेल, तर ते सुईने कधीही टोचू नये. त्या गाठीचे मूळ कधी कधी आत कवटीपर्यंत गेलेले असते. आधी चित्र काढावे, मग डॉक्टर ठरवतील ते करावे.

ताई आता प्रतिवर्षी दुर्बिणीने नाक तपासून घेते, कारण उघडलेली वाट पुष्कळ वर्षांनीही पुन्हा बुजू शकते. गेल्या खेपेस ती गावी आली, तेव्हा सकाळी ओटीवर तिने मला चहा ओतून दिला. मी तिच्या डोळ्याकडे पाहत होतो. ते तिच्या ध्यानात आले. “बघतोस काय? विचार ना,” ती म्हणाली.

“किती बशा दिसतात, ताई?”

“एकच. आणि तीत चहा आहे, तो गार होतोय.”

आमच्या घरात आता एक नवा नियम झाला आहे. कोणाच्या चेहऱ्यावर, हातापायावर, चालण्याबोलण्यात काही निराळे दिसले, तर ज्याला प्रथम दिसेल त्याने ते त्याच दिवशी बोलून दाखवावे, मग लग्नघर असो की सणाचा दिवस असो. बोलल्याने आतापर्यंत कोणाचे काही वाईट झालेले नाही.